रिकामी बाटली कुठे द्यायची?



अग्रलेखाचा विषय पाहून काहीजण नाक मुरडतील. कापसाच्या भावाचे सोडून, विम्याच्या अडलेल्या पैशांचे सोडून संपादक कचऱ्यावर लिहायला बसले, असे म्हणतील. ते विषय जिल्हा बैठकीत येणारच आहेत, त्यांना कोणी अडवलेले नाही. पण हा विषय आजवर एकाही बैठकीत आलेला नाही, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या बांधावर पडून आहे. खरीप संपला की विहिरीच्या काठाला, बाभळीच्या बुडाशी, गोठ्याच्या वळचणीला औषधांच्या रिकाम्या बाटल्या दिसतात. काही नाल्यात जातात. काही घरात येतात आणि त्यात रॉकेलच्या जागी आता डिझेल, नाहीतर बियाणे भरून ठेवले जाते. एखादीत पिण्याचे पाणीही भरले जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

साधा हिशेब करा. गावात पाचशे एकर कपाशी आहे असे धरा. हंगामात चार फवारण्या झाल्या आणि एकरी एका फवारणीला एकच बाटली किंवा पुडी लागली असे धरा. दोन हजार नग झाले. हा एका गावाचा, एका हंगामाचा, हात आखडता ठेवून केलेला हिशेब. हे दोन हजार नग कुठे द्यायचे, असे मी विचारले तर आपल्यातला एकही माणूस ठिकाणाचे नाव सांगू शकणार नाही. औषध कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. त्याची बाटली कुठे परत द्यायची हे दुकानदारालाही माहीत नसते.

गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात जाणे झाले. तिथल्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना ऐकून ठाऊक असेल. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या विरुद्ध तो सुरू झाला आणि पुढे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून कुळांनी तो चालवला. चरी पाहून पुढे चौलला गेलो. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्यावर आक्षी, नागाव ओलांडले की चौल लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या इतक्या दाट की भर दुपारी रस्त्यावर सावली. आपल्यासारख्या कोरडवाहू माणसाला तिथे थोडे परक्यासारखेच वाटते.

चौल आज गाव आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते मोठे बंदर होते. ग्रीक दर्यावर्दी त्याला सेमुल्ला म्हणत. दख्खनचे कापड या बंदरातून परमुलखात जाई, म्हणजे आपल्या कपाशीचे आणि चौलचे नाते जुने आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन केले तेव्हा त्यांच्या हाती बहुतेक लागली ती खापरे. परदेशातून माल घेऊन आलेल्या रांजणांची, मडक्यांची फुटकी खापरे. त्या काळच्या माणसांनी निरुपयोगी म्हणून टाकलेली खापरे मातीत पडून राहिली आणि मातीचे काही बिघडले नाही. वर नारळ वाढले. आज आपण जे टाकतो त्यावर दोन हजार वर्षांनी काय वाढेल ते ज्याचे त्याने ठरवावे.

तिथे एका बागायतदाराच्या वाडीत बसलो होतो. मी कृषी पदवीधर असल्याने माझे लक्ष सवयीने जमिनीकडे गेले. वाडीत कचऱ्याचा ढीग कुठे दिसेना. झावळीचे काय करता, म्हणून विचारले. पातींचे झाप विणतात, हिरांचा खराटा होतो, देठ चुलीत जातो. सोडण जळणाला आणि काथ्याला. करवंटीही जळते. पोफळीच्या विरीचे द्रोण होतात. उरलेले सगळे आळ्यात, झाडाच्या मुळाशी. “झावळी कुठे टाकायची हे आम्हाला कधी कुणाला विचारावं लागलं नाही,” ते म्हणाले. आणि मग कुंपणाच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाले, “हे मात्र कुठे न्यायचं ते सांगा.” तिथे पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या होत्या. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि शनिवार-रविवारची मुंबई या किनाऱ्याच्या आणखी जवळ आली. पर्यटकाने चार पैसे आणले हे खरे. पण तो जे घेऊन येतो ते परत घेऊन जात नाही.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. पिढ्यान्‌पिढ्या काहीही वाया न घालवणाऱ्या वाड्यांत एका दुपारीत इतके साचले की ते ठेवायचे कुठे हा प्रश्न पडला. झाडांचे खोड निदान कुजते, जळते. फुटक्या सिमेंटच्या पत्र्याला आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांना कुठलेच आळे घेत नाही.

मी त्या बागायतदारांना उत्तर देऊ शकलो नाही, कारण आमच्याकडे कुठे देतात, असा उलट प्रश्न आला असता तर माझ्याजवळ त्याचेही उत्तर नव्हते.

भावांनो, आपल्याकडेही वाडीसारखीच व्यवस्था होती. तिचे नाव उकिरडा. शहरातला माणूस हा शब्द शिवीसारखा वापरतो. वास्तविक उकिरडा ही प्रत्येक घराची हक्काची, नेमून दिलेली जागा होती. शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख, कडब्याचा चघळा, खरकटे, सगळे तिथे. कोणाच्या उकिरड्यात कोणी टाकायचे यावर गावात भांडणे होत, कारण ते खत होते, खताला मोल होते. वैशाखात गाड्या भरून तो शेतात जाई आणि जागा पुन्हा मोकळी होई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात अशी म्हण आहे. कुणब्याच्या उकिरड्याचे पांग दरसाल फिटत होते. ज्याची विल्हेवाट उकिरडा लावू शकत नसे ते थोडेच होते आणि त्यालाही गिऱ्हाईक होते. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी देई. मोडके लोखंड, फुटकी पितळ भंगारवाला तोलून नेई.

आज त्याच उकिरड्यात काय आहे ते उकरून पाहा. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, सुईसकट इंजेक्शने. खत म्हणून आपण ते गाडीत भरतो आणि शेतात विस्कटतो. पहिल्या पावसात शेणखत मातीत मिळते आणि प्लॅस्टिक वर तरंगते. वखराच्या पासेत अडकते. तुकडे होत होत खाली जाते, तिथे मुळाला आणि पाण्याला आड येते. गुरे चरताना पिशव्या खातात, त्या कोठ्यात साचतात, जनावर फुगून मरते, आणि आपण म्हणतो, कोणी करणी केली.

कापूसवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण ती थेट खिशाशी जुळलेली आहे. भारतीय कापूस परदेशी गिरण्यांत ज्या दोषासाठी वर्षानुवर्षे बदनाम आहे तो दोष म्हणजे भेसळ. ती आपण मुद्दाम करीत नाही. खताच्या पोत्यात कापूस वेचला की पोत्याचा धागा कापसात जातो. बांधावरची गुटख्याची पुडी वेचणीत येते. जिनिंगमध्ये तिचे बारीक तुकडे होतात, ते सुतात जातात आणि कापड रंगवताना उघडे पडतात, कारण प्लॅस्टिकचा धागा कपाशीचा रंग घेत नाही. त्या ठिपक्यांपायी कापडाचा अख्खा तागा नाकारला जातो. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाचे तंत्रज्ञान मिशन काढले, त्यातला मोठा भाग बाजाराचे आवार आणि जिनिंग सुधारून हा कचरा कमी करण्याचा होता. आवारात फरशी आली, हे चांगलेच झाले. पण कचरा जिथे कापसात शिरतो त्या शेतासाठी कोणी मिशन काढले नाही. व्यापारी भाव कापताना काडीकचऱ्याचे कारण पुढे करतो तेव्हा तो दहा वेळा खोटे बोलत असेल, अकराव्या वेळी त्याच्या हातात आपल्याच बांधावरची पुडी असते.

आता कायद्याकडे पाहू. कचऱ्याचा कायदा आला तोच शहरासाठी. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्यामुळे २००० साली घनकचऱ्याचे नियम झाले, आणि ते नगरपालिका-महापालिकांना लागू झाले. खेड्याचे नाव त्यात नव्हते. खेड्याचा उल्लेख एकाच रीतीने येत राहिला, शहराचा कचरा टाकायची जागा म्हणून. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला, तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले. औरंगाबादचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि मग एवढ्या मोठ्या शहराला कळले की आपल्याकडे कचरा ठेवायला जागाच नाही. कित्येक महिने रस्त्यारस्त्यावर ढीग लागले. गाववाल्यांनी काय चुकीचे केले? आपली विहीर वाचवली.

२०१६ साली नवे नियम आले. घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या घातक कचऱ्याची व्याख्या होती आणि तिच्यात कीटकनाशकांचे डबे नाव घेऊन लिहिले होते. असा कचरा स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असेही लिहिले होते. वाचून बरे वाटते. पुढचे शब्द वाचले की उतरते: शहरात किंवा नगरात. म्हणजे कीटकनाशकाचा डबा जिथे सर्वांत कमी निघतो तिथे केंद्र, आणि जिथे हजारांनी निघतो तिथे नाही. शहरातला माणूस झुरळाच्या औषधाचा डबा घेऊन केंद्र शोधत फिरेल आणि यवतमाळचा, परभणीचा शेतकरी बांधावर फेकेल, अशी ही योजना.

त्याच वर्षीच्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांनी मात्र ग्रामपंचायतीला प्रथमच जबाबदार धरले. प्लॅस्टिक वेगळे काढणे, गोळा करणे, नोंदणी असलेल्या कारखान्याकडे पाठवणे आणि उघड्यावर जाळू न देणे हे तिचे काम ठरले. पैसा? स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० साली सुरू झालेल्या ग्रामीण टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये असा निकष ठेवला गेला. दोन हजार वस्तीच्या गावाला १ लाख २० हजार होतात, तेही एकदाच. तालुक्याला एक प्लॅस्टिक केंद्र, त्यासाठी १६ लाखांपर्यंत. शंभर गावांचा तालुका धरला तर गावामागे १६ हजार. एवढ्यात शेड उभी राहते, यंत्र येते, उद्घाटनाची फीत कापली जाते. शेडपर्यंत माल आणायचा कोणी आणि कशात, हे लिहिलेले नसते. तरीही हा पैसा आपला आहे, आणि आपल्या गावाच्या नावाने तो आला का, कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारल्याशिवाय कळणार नाही.

औषधाच्या बाटलीबद्दल तर त्याहून जुना नियम आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ४४ वा नियम म्हणतो की रिकामी वेष्टने आणि धुवण सुरक्षितपणे नष्ट करणे हे उत्पादकाचे, मिश्रण करणाऱ्याचे आणि फवारणीचा धंदा करणाऱ्याचे कर्तव्य आहे. वेष्टने उघड्यावर ठेवू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. पन्नास वर्षांत किती उत्पादक आपल्या शिवारात फोडायला आणि पुरायला आले? आणि पुरायचे तर कुठे? शिवारात जिथे खड्डा कराल तिथले पाणी कोणाच्या तरी विहिरीत उतरते. त्या काळी डबे पत्र्याचे होते, गंजून जात. आजची जाड प्लॅस्टिकची बाटली पुरली तर नातवाच्या नांगराला लागेल. जाळली तर औषधाचा अंश धुरातून आपल्याच छातीत जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर मास्क आणि हातमोजे यांची चर्चा झाली. बाटलीची झाली नाही.

राज्यात घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. कापूसपट्ट्याला जवळचे नागपूरजवळ बुटीबोरीला, दुसरे पुण्याकडे रांजणगावला, आणि चौलच्याच रायगड जिल्ह्यात तळोज्याला. पण ती कारखान्यांच्या सभासदत्वावर चालतात. दोन बाटल्या पिशवीत घालून गेलेल्या शेतकऱ्यासाठी तिथे खिडकी नाही.

मग सगळेच कसे पडून राहत नाही? ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कोणाच्या बांधावर पाहिली आहे का? जळलेल्या मोटारीची तांब्याची तार कधी नाल्यात सापडली? शिशाला आणि तांब्याला भाव आहे, म्हणून त्यांना रस्ता सापडतो, कोणी जनजागृती करावी लागत नाही. २००१ पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियमही आहेत, पण बॅटरी परत जाते ती भावामुळे. ज्या वस्तूला भाव नाही ती पडून राहते. बहुथरी पुडीला भाव शून्य. औषधाच्या बाटलीला भाव आहे, पण आतल्या विषामुळे तो घातक भाव आहे: भंगारात गेलेली न धुतलेली बाटली इतर प्लॅस्टिकबरोबर दळली जाते आणि तिचे पुढे काय होईल याचा भरवसा कोणी देत नाही. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कुठली वस्तू कुठे जाते आणि किती भावाने जाते याचे ज्ञान अधिकाऱ्यांपेक्षा कचरा वेचणाऱ्या बायांना जास्त आहे, हे तिने शहराला दाखवून दिले. आपल्या तालुक्याच्या भंगारवाल्याला बैठकीत बोलवायला कोणाची हरकत नसावी.

ब्राझीलचे उदाहरण इथे सविस्तर सांगतो, कारण तो देश आपल्याइतकीच, किंबहुना जास्त औषधे वापरतो. तिथे २००० साली कायदा झाला. औषध घेणाऱ्या शेतकऱ्याने बाटली तीनदा धुवून, भोक पाडून वर्षाच्या आत परत करायची आणि परत केल्याची पावती जपून ठेवायची. विकणाऱ्याने विक्रीच्या बिलावरच परत करण्याच्या जागेचा पत्ता छापायचा. जागा विक्रेत्यांनी चालवायच्या. तिथून पुढे वाहतूक आणि विल्हेवाट कंपन्यांनी करायची, त्यासाठी सगळ्या कंपन्यांनी मिळून एक संस्था काढली, तिचे काम २००२ पासून सुरू आहे. लांबच्या छोट्या शेतकऱ्यांसाठी ठरलेल्या दिवशी फिरती गाडी गावाजवळ येते. आज तिथे औषधाला थेट लागलेल्या प्लॅस्टिक बाटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत येतात आणि आजवर सात लाख टनांहून अधिक वेष्टने गोळा झाली आहेत. त्यांतून वायरिंगच्या नळ्या बनतात, औषधांच्या नव्या बाटल्याही बनतात. तिथला शेतकरी आपल्यापेक्षा शहाणा आहे असे मला वाटत नाही. त्याच्या बिलावर पत्ता आहे, एवढाच फरक आहे.

आपल्याच कोकणात वेंगुर्ले नगरपालिकेने २०१५ नंतर कचरा कित्येक प्रकारांत वेगळा करून डंपिंग ग्राउंडचे नावच संपवले. लोक तो प्रकल्प बघायला सहली काढून जाऊ लागले. तोच प्रयोग रायगडच्या कर्जतला झाला. पण ही नगरे आहेत, त्यांना मुख्याधिकारी आहे, कामगार आहेत, घंटागाड्या आहेत. आपल्या ग्रामपंचायतीला एक शिपाई असतो आणि तोच पाणी सोडतो.

तेव्हा बैठकीपुढे माझा प्रस्ताव असा. कृषी सेवा केंद्राने औषधाच्या बिलावर रिकामी बाटली परत घेण्याची जागा आणि वार लिहावा, ही मागणी आपण जिल्हा कृषी अधिकाऱ्यांकडे आणि थेट कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे लावून धरू. फेब्रुवारी २०२२ पासून प्लॅस्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आहेत. कंपन्या त्यांचे हिशेब कागदावर भरतात, आपण त्यांना प्रत्यक्ष माल दाखवू. जागा कोणती? माझ्या मते बाजार समितीचे आवार. बाटल्या निघतात आषाढ ते आश्विन आणि कापूस विकायला गाडी जाते कार्तिकानंतर. त्याच गाडीत पोते भरून बाटल्या गेल्या तर वाहतुकीचा वेगळा पैसा पडत नाही. आवारात कुलूपबंद, पक्क्या फरशीची एक खोली, एक नोंदवही, नग मोजून पावती. माल साचला की कंपनीने उचलायचा. ज्वारीवाल्यांना औषध कमी लागते, त्यांच्या बाटल्या थोड्या, पण त्यांच्या उकिरड्यातल्या पुड्यांसाठी तालुक्याचे प्लॅस्टिक केंद्र चालू आहे का, याची चौकशी त्यांनी करावी.

आपल्यातले काही मित्र म्हणतात की कंपनीची बाटली आम्ही का धुवायची. राग खरा आहे. पण न धुतलेली बाटली घातक कचरा ठरते आणि ती उचलायला कोणी राजी होत नाही. तीनदा धुतलेली बाटली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे साध्या प्लॅस्टिकमध्ये धरता येते. म्हणजे धुण्याने आपली बाजू बळकट होते, आणि बाटलीच्या बुडाशी राहिलेले औषध आपण रोख पैसे मोजून घेतलेले असते. रीत सोपी आहे. बाटली पंपात ओतून झाली की लगेच, आतला अंश वाळण्याआधी, पाव बाटली स्वच्छ पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि ते धुवण पंपातच ओता. असे तीन वेळा. धुवण जमिनीवर किंवा हौदात टाकायचे नाही. मग खिळ्याने बुडाला भोक पाडा, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी काही भरणार नाही. हातमोजे घालून. ज्या बाटलीत मुदत संपलेले औषध शिल्लक आहे ती धुवू नका, झाकण घट्ट लावून, लेबल राखून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवा. तिचा प्रश्न कंपनीकडे वेगळा न्यावा लागेल.

एक विनवणी. स्वच्छता मोहिमेच्या उत्साहात शाळेच्या मुलांना औषधाच्या बाटल्या वेचायला लावू नका. फोटो चांगला येतो, पण त्या बाटल्या धुतलेल्या नसतात.

येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी द्यावेत: प्लॅस्टिक गोळा करण्यासाठी गावाला आजवर किती निधी आला, आणि तालुक्याचे प्लॅस्टिक केंद्र कुठल्या गावी आहे व कुठल्या वारी उघडे असते. उत्तर ठरावाच्या वहीत नोंदवून त्याची नक्कल घ्यावी. ती नक्कल, आणि गावात या हंगामात किती बाटल्या व पुड्या निघाल्या याचा घरोघर विचारून काढलेला आकडा, प्रत्येक गावाने जिल्हा बैठकीला आणावा. त्या आकड्यांची एक यादी करून ती घेऊनच आपण कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊ. बाटल्या मात्र कोणी सोबत आणू नयेत, बैठक शाळेच्या सभागृहात आहे.